रेडिओवर वारलेला नवरा

त्या मंगळवारी फोन दोक-चुननं उचलला नसता, तर तो आजही बिनबोभाट जिवंत राहिला असता.

एरवी घरातला फोन तो उचलत नसे. कोरियातल्या तेबेक या खाणींच्या गावी नगर कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत एकतीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर त्यानं फोन, दार आणि शेजारी ही तिन्ही खाती बायकोकडे सोपवली होती. (स्वतःकडे टीव्हीचा रिमोट ठेवला होता.) पण यन-सिम गच्चीत मिरच्या वाळत घालत होती आणि फोन काही वाजायचा थांबेना.

"यन-सिमबाईंचं घर ना?" पलीकडून बाईचा आवाज आला. "मी रेडिओ केंद्रातून प्यो बोलतेय, 'दुपारची पत्रपेटी'ची लेखिका. अभिनंदन! बाईंच्या पत्राला पहिलं बक्षीस मिळालंय. जन्जूची दोन दिवसांची सहल, दोन माणसांची!"

"बरं," दोक-चुन म्हणाला.

"पत्र वाचताना आमच्या निवेदकांना रडू आवरेना हो. इतकं जीव लावणारा नवरा असा अवेळी जावा…"

"कुठे जावा?"

"देवाघरी. तुम्ही कोण बोलताय?"

कोणीही शहाणा माणूस इथे म्हणाला असता, 'बाई, तो मीच.' पण सरकारी थाटाच्या आवाजात आलेली माहिती खोडून काढायची दोक-चुनला सवय नव्हती. शिवाय प्योबाईंचा गळा इतका दाटून आला होता की आपण जिवंत आहोत हे सांगणं त्याला उद्धटपणाचं वाटलं.

"मी… बाईंचा भाऊ," तो म्हणाला.

"अगंबाई, म्हणजे तुमचे दाजी गेले!"

"हो. चांगला होता बिचारा."

"मग सोबत तुम्हीच या दादा. या वयात बहिणीला एकटीला कशाला पाठवायचं?"

यन-सिम रिकामी टोपली घेऊन खाली आली तेव्हा तिचा नवरा फोनपाशी उभा होता. नोंदणीच्या खिडकीत चुकीचा अर्ज आला की तो असाच उभा राहायचा.

"मी कशानं गेलो?" त्यानं विचारलं.

यन-सिमनं टोपली खाली ठेवली. बक्षीस लागलं हे तिला तिथेच कळलं. "यकृतानं," ती म्हणाली.

"मी थेंबभर पीत नाही!"

"पत्रात पिता. थोडी."

"आणि कधी गेलो? महिन्याच्या आत नोंद केली नाही तर दंड असतो, ठाऊक आहे ना?"

"अहो, विषयच तसा होता. 'गेलेल्या माणसाला पत्र.' आता जिवंत नवऱ्याला कोण बक्षीस देणार?"

"मग दुसरं कोणी गेलेलं नव्हतं का आपलं?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि यन-सिमची नजर मागे वळली. मागच्या खोलीचं दार चार वर्षं बंद होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा, इन-ग्यू, सोलला नोकरी करायचा. एकतिसाव्या वर्षी कामावर असतानाच त्याच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली आणि तो गेला. मृत्यूची नोंद दोक-चुननं स्वतः केली, आपल्याच जुन्या खिडकीत, इतक्या नीट अक्षरात की खिडकीतला नवा माणूस बघत राहिला. घरी येऊन त्यानं मुलाचे फोटो खोक्यात भरले, खोलीचं दार लावलं आणि त्या दिवसापासून त्या घरात ते नाव कोणी काढलं नाही. बायकोला त्रास नको म्हणून त्यानं हे ठरवलं होतं. बायकोला मात्र विचारलं नव्हतं.

"जाऊ या," शेवटी तो म्हणाला. "मेलोच आहे तर निदान जेवून तरी येऊ."

बसमध्ये यन-सिमनं तालीम घेतली. चारचौघांत 'अहो' म्हणायचं नाही, 'दादा' म्हणायचं. आणि भावाला कोणी 'तुम्ही' म्हणत नाही, तेव्हा अरेतुरे.

"दादा, पिशवी वर ठेव," तिनं करून पाहिलं. "दादा, सरळ बस. दादा, नाकात बोट घालू नकोस."

"तालमीला एवढं पुरे," दोक-चुन म्हणाला. अडतीस वर्षांत बायकोनं त्याला 'तू' म्हटलं नव्हतं, आणि आता ती थांबायला तयार नव्हती. 'दादा' मात्र म्हटलं होतं. लग्नाआधी, तिथल्या सगळ्या मुली आवडत्या मुलाला म्हणतात तसं, खाणीच्या फाटकापाशी उभी राहून ती त्याला दादाच म्हणायची. लग्नानंतर ते बंद झालं. इतक्या वर्षांनी ते कानावर पडलं तेव्हा त्याला बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं. कारण हे सुख त्याला मेल्यावर मिळत होतं.

जन्जूच्या बसस्थानकावर प्योबाई फलक घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, गोलमटोल, डोळे सदा भरलेले. त्यांनी यन-सिमला मिठी मारली आणि मग दोक-चुनकडे पाहिलं.

"दाजींचा तरुणपणचा फोटो पाहिला मी पत्रासोबत. काय रुबाबदार माणूस! तुम्ही दोघं एकाच गावचे ना?"

"एकाच घरचे म्हणा ना," दोक-चुन म्हणाला.

"हो का? वाटत नाही."

दुसरं बक्षीस मिळालेले ह्वांगसाहेबही आले होते. पोहांगचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. (खरोखरची. ते बरोबर मृत्यूचा दाखला घेऊन आले होते. दोक-चुननं तो नजरेखालून घातला. शिक्का जरा तिरका होता, बाकी चोख.)

सहल सुरू झाली. प्योबाईंनी आधी सगळ्यांना भाड्याचे हानबोक, म्हणजे जुन्या धाटणीचे पारंपरिक पोशाख, घालायला लावले. यन-सिमला फिकट जांभळा घेरदार घागरा मिळाला आणि ती त्यात अशी दिसली की ह्वांगसाहेबांनी चष्मा पुसला. दोक-चुनच्या मापाचं काही उरलं नव्हतं, तेव्हा दुकानदारानं त्याला दरबारातल्या शिपायाचा पोशाख दिला. टोपी कानावर यायची. कौलारू घरांच्या गल्लीतून ह्वांगसाहेब आणि यन-सिम पुढे चालले, मागून शिपाई सगळ्यांच्या पिशव्या घेऊन. दोन परदेशी बायकांनी त्याच्यासोबत फोटो काढून घेतला आणि वाकून नमस्कार केला.

कागदाच्या पंख्यांच्या दुकानात प्योबाई त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, एक सांगू? तुमच्या दाजींसारखा नवरा मी पाहिला नाही. बायकोचे केस स्वतः रंगवायचा! खांद्यावर वर्तमानपत्र टाकून, कानाला रंग लागू नये म्हणून कानावर प्लास्टिकच्या टोप्या घालून."

"कोण?"

"दाजी! आणि चेस्टनट सोलून द्यायचे. तिची नखं दुखतात म्हणून एकेक सोलून वाटीत. आणि भांडी घासताना गायचे. वाचताना वाटलं, अशा माणसासोबत एक दिवस मिळाला तरी पुरे."

दोक-चुन पंखा उघडत होता, तो तसाच अर्धा राहिला. त्यानं जन्मात कोणाचे केस रंगवले नव्हते. चेस्टनट तो सोललेलेच खायचा, आणि ते सोलून कोण देतं याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. गाण्याचं म्हणाल तर कार्यालयाच्या सहलीत त्याच्यासाठी माईक बंद करत.

मग हा माणूस कोण?

पुढचे दोन तास त्याच्या डोळ्यांना जन्जू दिसलं नाही. त्यानं मनात यादी केली. बियाण्यांच्या दुकानाचा मालक? त्याला दम्याचा त्रास, गाणं शक्य नाही. केशकर्तनालयातल्या बाईचा भाऊ? रंग कुठून आणायचा ते त्याला माहीत असणार. गॅसवाला?

बाजारात यन-सिम लोणच्याच्या बरण्या बघत होती. तो टोपी सावरत तिच्याजवळ गेला.

"तो गॅसवाला गातो का गं?"

"कोण गॅसवाला?"

"ते तूच सांग."

"दादा, तुला ऊन लागलंय," यन-सिम मोठ्यानं म्हणाली, कारण ह्वांगसाहेब येत होते. "टोपी नीट घाल."

ह्वांगसाहेब यन-सिमशी दोन शब्द बोलले, मग दोक-चुनचा दंड धरून त्याला सुक्या मासळीच्या दुकानामागे घेऊन गेले.

"दादा, तुम्ही वडीलधारे. तुम्हालाच विचारणं बरं. बहिणीचा पुढचा काही विचार?"

"कसला विचार? तिला नवरा आहे."

"होता."

"म्हणजे… तो पूर्ण गेलेला नाही."

"आठवणीत, हो. किती खरं बोललात!" ह्वांगसाहेबांचे डोळे पाणावले. "माझीही पूर्ण गेलेली नाही. पण दादा, संध्याकाळी जेवायला समोर कोणी असावं, एवढंच वाटतं. बोलणारं."

"मी समोर बसतो की रोज!"

"भाऊ तो भाऊ. तुम्ही टीव्ही बघता म्हणाल्या त्या."



दिवेलागणीला सगळे एका जुन्या पेयघरात जमले. तिथे तांदळाच्या गढूळ दारूची किटली मागवली की टेबलावर पंधरा बशा येतात, दुसरी मागवली की आणखी दहा. कच्चे खेकडे, वाफवलेलं डुक्कर, तळलेले मासे, लिंबाएवढी अंडी. दोक-चुननं पत्राच्या मानानं वागायचं ठरवलं आणि भांडंभर प्यायला. एका पानात मांस, लसूण, भात गुंडाळून त्यानं तो घास यन-सिमच्या तोंडापुढे धरला.

"हे काय?" ती मागे सरली.

"दाजी द्यायचा ना?"

"दाजी असा कोंबायचा नाही," ती म्हणाली, आणि घास स्वतःच्या हातात घेतला.

मग प्योबाईंनी विजेत्यांना आपापलं पत्र वाचायची विनंती केली. ह्वांगसाहेबांनी उभं राहून वाचलं, चांगलं वाचलं. नंतर यन-सिमनं पिशवीतून कागद काढले. सुरुवात नीट झाली. "तुम्ही गेलात तेव्हा परसात कोबी तसाच उभा होता…" दोन ओळी, तीन ओळी. मग तिनं कागद दोक-चुनपुढे सरकवले. 

"दादा," ती म्हणाली, "तू वाच."

दोक-चुननं चष्मा लावला. आता कळेल, तो मनात म्हणाला. गॅसवाला असो नाहीतर बियाणेवाला. खिडकीतल्या जुन्या, सपाट आवाजात त्यानं वाचायला घेतलं.

"'तुम्ही माझे केस रंगवायचात. म्हणायचात, पांढरे दिसले की लोकांना वाटेल मी तुला त्रास देतो. तुम्ही गाताना शब्द विसरायचात आणि तिथे भांड्यांची नावं घालायचात.'" टेबलावर कोणीतरी हसलं. "'दर रविवारी चार वाजता फोन करायचास…'" दोक-चुन थांबला. "इथे चूक आहे. 'करायचात' हवं." एकतीस वर्षं त्यानं लोकांचे अर्ज दुरुस्त केले होते. त्यानं पुन्हा वाचलं. "'फोन करायचात. आधी गुडघ्यांचं विचारायचास…' पुन्हा तीच चूक. '…विचारायचात, मग काय जेवलीस ते. मी दर वेळी तेच सांगायचे, तरी तू…'"

तो पुन्हा थांबला. आता त्यानं दुरुस्ती केली नाही. हळूहळू, एकेका शब्दावर बोट ठेवून तो वाचत गेला.

"'शेवटचा डबा मी पाठवलाच नाही. मुळ्याची किमची अजून आंबली नव्हती आणि तुला कच्ची आवडत नाही. म्हटलं गुरुवारी पाठवते. बुधवारी सोलहून फोन आला. तो डबा मी फेकला नाही. मागच्या खोलीत…'"

दोक-चुनला किमची कच्चीच आवडायची. घरात रोज कच्चीच असायची. आंबलेली कोणाला लागायची ते त्याला ठाऊक होतं.

"इन-ग्यू," तो म्हणाला.

चार वर्षांत पहिल्यांदा. नाव तोंडातून नीट निघालंही नाही. त्याला खाकरून पुन्हा म्हणावं लागलं. "हा तर इन-ग्यू आहे."

"इन-ग्यू कोण?" प्योबाईंनी विचारलं.

"माझा मुलगा," यन-सिम म्हणाली.

"आणि… दाजी?"

यन-सिमनं शिपायाच्या पोशाखातल्या माणसाकडे बोट केलं. (पोशाख दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता.) "हे."

"दादा?" ह्वांगसाहेब अर्धवट उठले.

"म्हणजे हे जिवंत आहेत?" प्योबाई म्हणाल्या.

यन-सिमनं नवऱ्याकडे पाहिलं. घाई न करता, हिशेबानं पाहिलं. "तसं म्हणायचं तर आहेत," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. ती बोलू लागली तेव्हा नजर टेबलावरच्या बशांवर होती. "त्याचं नाव लिहून तीनदा बसले. हात पुढे जाईना. घरात नाव काढायची सोय नाही, मग हाताला तरी सवय कुठून असणार? म्हणून यांना मारलं. त्याचं सगळं यांच्या नावावर लिहिलं. आणि खरं सांगू, यांचं मरण लिहिताना हात एकदाही थांबला नाही. सरसर लिहून झालं."

दोक-चुन रडला. फार वाईट रडला, मोठ्यानं, नाक वाहवत, टोपी डोळ्यांवर आलेली. शेजारच्या टेबलावरची माणसं खाली बघू लागली. काय झालंय हे ठाऊक नसलेली मालकीण दुसरी किटली आणि आणखी दहा बशा घेऊन आली, आणि त्या ठेवायला जागा करण्यासाठी तिनं त्याचं कोपर बाजूला सारलं. ह्वांगसाहेबांनी त्याचं भांडं भरलं. ते मोठ्या मनाचे गृहस्थ होते. बराच वेळ ते त्याच्या पाठीवर हात फिरवत होते, फक्त मधूनच म्हणत, "दादा, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

सकाळी मोड आलेल्या सोयाबीनच्या गरम रस्सा-भातावर दोघं समोरासमोर बसली. यन-सिम पुन्हा 'अहो'वर आली होती.

"केस कधी रंगवायचा तो?" दोक-चुननं विचारलं.

"सणाला यायचा तेव्हा. तुम्ही झोपलेले असायचात."

"आणि ते भांड्यांचं गाणं?"

"तेही तेव्हाच."

"मी इतका झोपायचो?"

"उठलात की तो गप्प व्हायचा. तुमच्यासारखाच होता त्यात."

दोक-चुननं चमचा खाली ठेवला. "आणखी काय करायचा?"

 यन-सिमनं एक सांगितलं, मग दुसरं. वडिलांच्या निवृत्तीच्या दिवशी इन-ग्यू सोलहून आला होता, खिडकीसमोर रांगेत उभा राहिला होता, आणि वडील मान वर न करता 'पुढचा' म्हणाले तेव्हा हसत निघून गेला होता. दोक-चुनला हे माहीत नव्हतं. त्यानं ते तीनदा सांगायला लावलं. कुठला शर्ट होता, रांगेत कितवा होता, काही खाल्लं होतं का. रस्सा गार झाला. बस सुटायला आली तेव्हा प्योबाईंना त्यांना शोधत यावं लागलं.

प्योबाईंनी बक्षीस काढून घेतलं नाही. पण खोटं प्रसारित झालं होतं, दुरुस्ती करणं भाग होतं. "चालेल," यन-सिम म्हणाली. "फक्त त्याचं नाव पूर्ण वाचा. आडनावासकट."

पुढच्या गुरुवारी दुपारी दोघं स्वयंपाकघरात रेडिओपाशी बसली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत बराच कोंदट वास होता आणि तो घरभर पसरला होता, पण दोघांपैकी कोणी ते बंद करायला उठलं नाही. निवेदकानं पत्र पुन्हा वाचलं, या वेळी सगळीकडे 'तू'. शेवटी नाव आलं, आडनावासकट, स्वच्छ, सावकाश. यन-सिमनं आवाज मोठा केला, इतका की खालच्या मजल्यावर ऐकू गेला असणार. दोक-चुननं तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

"आणि श्रोतेहो, एक दुरुस्ती," निवेदक गंभीरपणे म्हणाला. "मागील पत्रात ज्यांच्या निधनाचा उल्लेख होता, ते यन-सिमबाईंचे यजमान हयात आहेत, हे कळवताना आम्हाला अत्यंत खेद होत आहे."

चार वर्षांत पहिल्यांदा यन-सिम हसली. पदराचा बोळा तोंडाला लावावा तसा गळ्यातला रुमाल तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी असताना, थांबता थांबेना अशी हसली. दोक-चुनही हसायचा प्रयत्न करत होता, एवढ्यात निवेदक श्रोत्यांचे संदेश वाचू लागला. कार्यक्रम संपेपर्यंत दोनशे चौदा आले. बरेचसे इन-ग्यूसाठी होते.

उरलेले सगळे, नवरा हयात निघाल्याबद्दल, यन-सिमला धीर देणारे होते.